हिरव्या चुड्याचा विनोद

आमच्या ओहायोतल्या डब्लिनमध्ये दर मार्चला आयरिश सणाची मिरवणूक निघते आणि जो तो हिरवे कपडे घालून फिरतो. त्या दिवशी माझा एक विनोद ठरलेला असे. "आमच्या घरात खरी आयरिश ही. लग्नातच कोपरापर्यंत हिरवा चुडा भरून आली होती." बायकोने त्यावर हसणं केव्हाच सोडलं होतं.

मुलगी तेरा वर्षांची झाली, त्या वर्षी तिच्या दोन अमेरिकन मैत्रिणीही आमच्या गाडीतून मिरवणुकीला येणार होत्या. निघताना ती म्हणाली, "बाबा, आज तो बांगड्यांचा जोक नाही हं. प्रॉमिस कर." मी प्रॉमिस केलं आणि तोंड मिटून ड्राइव्ह करत राहिलो.

थोड्या वेळाने मागून एका मैत्रिणीने हळूच विचारलं, तुझे बाबा आपल्यावर चिडलेत का?

"नो, त्यांना फक्त एक जोक सांगायचाय," मुलगी सुस्कारा सोडत म्हणाली आणि आईच्या चुड्याचा किस्सा तिनेच इंग्रजीत सांगून टाकला. दोघी खिदळल्या. मग आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, "ओके बाबा, आता बोल तू."

पण माझ्याकडे दुसरा विनोदच नव्हता.