नदीकाठी वाळत ठेवलेल्या पाकळ्या

सातवीत शाळा सुटली आणि मी रत्नागिरीकडच्या चिऱ्याच्या खाणीवर लागलो. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं थेट मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याला आलो, जवळच्याच सौंसरच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली. साल चौऱ्याऐंशी असावं. जाम नदीच्या काठी एक मोडका मनोरा होता. तो आम्हाला होता तसा पुन्हा उभा करायचा होता. कुठल्याशा दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून तिथल्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, तो बांधला होता. आत जिना, आणि जिना चढून गेलं की वर काहीच नाही. येणारेजाणारे विचारायचे, "हे कायले दुरुस्त करून राहिले भाऊ?" मालगुजाराचा नातू, एक निवृत्त मास्तर, एवढंच म्हणायचे की माझ्या डोळ्यांदेखत पडू द्यायचा नाही.

मनोऱ्याच्या माथ्याला कमळाच्या पाकळ्यांची पट्टी होती, मुठीएवढ्या घडीव दगडांची. बहुतेक पाकळ्या निखळून खाली मातीत गेल्या होत्या. त्या शोधायच्या, जुळवायच्या आणि प्रत्येकीवर गेरूनं आकडा घालायचा, हे काम मिस्त्रीनं माझ्यावर सोपवलं. एवढा भरवसा तोवर माझ्यावर कुणी टाकला नव्हता. एखादी हरवली तर मला गाडीत बसवून परत धाडतील, ही धास्ती जेवतानाही जायची नाही.

पोळ्याला बैलांना सुट्टी, म्हणून चुना मळायची घाणी बंद. मिस्त्री सणाला सौंसरला गेला. रिकामं बसलं की घर आठवायचं, म्हणून मी सगळ्या पाकळ्या नदीवर नेऊन घासल्या. माती राहिली तर चुना धरत नाही. वाळल्यावर आकडे पुन्हा गिरवले आणि ढीग काठावरच ठेवून आलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिथं गोटमार असते, दोन काठांची एकमेकांवर दगडफेक, हे मला ठाऊक नव्हतं. नदीकाठी धोंडा ठेवू नको, हे कुणाला सांगावं लागेल असं मिस्त्रीच्याही मनात आलं नसेल.

सकाळी गेलो तर दोन्ही काठ माणसांनी भरलेले. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्याला झेंडा बांधलेला. एका काठानं तो न्यायचा, दुसऱ्यानं नेऊ द्यायचा नाही. माझ्या ढिगावर दहा-बारा जण वाकले होते. हे मनोऱ्याचे दगड आहेत म्हणून मी आडवा झालो. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एक जण पाकळी हातात तोलत हसला. "मंग आज कामी येऊन राहिले ना, लेका."

आणि त्यानं ती फेकली. पलीकडे एकाचं कपाळ फुटलं आणि तो बसल्या जागी आडवा झाला. तिकडून तीच पाकळी परत आली. हवेत नुसते दगड, आणि ते हाडावर लागल्याचा आवाज. मी पाण्यात उतरून पाकळ्या वेचायला लागलो. आता वाटतं, वेडाच झालो होतो. जबड्यावर एक बसला, दोन दात तोंडातच सुटले. दुसरा खांद्यावर. पाणी माझ्याच रक्तानं लाल झालेलं दिसलं. तेवढ्यात कुणीतरी मागून कव घातली. सकाळच्या गाडीनं आलेला मिस्त्री होता तो. मला छातीखाली दाबून काठाकडे ओढताना त्याच्या कानावर दगड बसला. तरी त्याची पकड सुटली नाही.

दवाखान्यात दोन्ही काठांची माणसं एकाच बाकावर बसून टाके घालून घेत होती, एकमेकांची चेष्टा करत होती. तिथं मास्तर आले. पाकळ्या नदीवर कुणी ठेवल्या, एवढंच त्यांनी विचारलं. माझा जबडा सुजलेला. सांगायचं होतं, आणि भीतीही होती.

"म्या ठेवल्या मास्तर," मिस्त्री म्हणाला. "ध्यानातच नाही राहिलं."

"सौंसरचा माणूस तू, आन् तुह्या ध्यानात नाही?"

मास्तरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "उद्यापासून दोघं मिळून शोधा."

आठवडाभर आम्ही नदीत वाकलेले होतो. काही पाकळ्या मिळाल्या, काही दुभंगलेल्या. गेरू धुऊन गेला होता, पण माझ्या हातांना त्या ओळखू येत होत्या. मिस्त्रीला त्या कानानं पुढे कधी ऐकू आलं नाही. पट्टी बसवताना मी त्याच्या दुसऱ्या अंगाला उभा राहून एकेक आकडा सांगायचो.