कूलरच्या वाऱ्यातले पेन

आमच्या भाऊजींना कोणतीही गोष्ट येण्याआधी ती शिकवता यायची. लाकूड कातायचा खराद घरात येऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा लाकडी पेन कसं घडवावं हे ते मला समजावून सांगत होते. उजव्या हाताची दोन बोटं डिंकानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. हातवारे केल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे, त्यामुळे सगळं व्याख्यान बदकाच्या चोचीनं झालं.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमसरच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर माणसं परसात वांगी लावतात, नातवंडांना शाळेत सोडतात. यांनी मोबाईलवर कुणाला तरी पेन कातताना पाहिलं आणि आपण कलाकार आहोत असा त्यांना शोध लागला.

घराची मागची खोली ताईची होती. तिथे तिचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन आणि खिडकीत घरातला एकुलता एक कूलर. लग्नसराईत तिच्याकडे ब्लाऊजांची रांग लागायची, घरात तिच्या शब्दाला वजन होतं ते त्यामुळे. भाऊजींनी खराद नेमका त्याच खोलीत मांडला. भुसा कपड्यांवर उडतो म्हणून मशीन पडवीत गेलं. कूलर मात्र आतच राहिला. एप्रिल महिन्यात तुमसरच्या पडवीत दुपारी बसून कुणी एक बाही जोडून दाखवावी. ताईला चक्कर यायला लागली. कपडे वेळेवर होईनात, तशा बायका दुसरीकडे जाऊ लागल्या.

मी भंडाऱ्याहून आले की कामांची यादी घेऊनच येते. भाऊजींना त्याची गंमत वाटायची.

"या, यादीबाई. आज माह्या नावाचं काय हाय?"

"कूलर ताईला द्या."

"कलाकाराचं डोस्कं थंड लागते. मशीनले कायले कूलर पायजे?"

"मशीन चालवणारीला पाहिजे."

"तिची तं काहीच तक्रार नाही."

हे मात्र खरं होतं. ताई तक्रार करत नाही, या एका भांडवलावर भाऊजींनी सगळा संसार केला होता.

तर, पेन. लाकडाच्या तुकड्याला आरपार भोक पाडायचं, आत पितळी नळी चिकटवायची आणि तो खरादावर फिरवत पटाशीनं हळूहळू बारीक करायचा. यातला 'हळूहळू' हा शब्द भाऊजींच्या कानात कधी शिरलाच नाही. ते पटाशी अशी खुपसायचे की तुकडा फुटून भिंतीवर आदळायचा. मग निवाडा यायचा, "लाकूड नाठाळ निघालं." काचकागद आधी जाड, मग बारीक असा फिरवावा लागतो. हे जाड काचकागदावरून थेट पॉलिशवर उडी मारायचे. मला भेट मिळालेलं पेन बत्त्याएवढं जाड होतं. पॉलिश वाळायच्या आत हाताळल्यामुळे त्यावर त्यांचा अंगठा कायमचा उमटला होता. "सही समज," ते म्हणाले. पॉलिशमध्ये एक मुंगीही अडकली होती. तिच्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही.

मे महिन्यात त्यांचे मित्र असलेल्या सिहोऱ्याच्या गुरुजींचा निवृत्तीचा सत्कार होता. भाऊजींनी बीजा नावाच्या जंगली झाडाच्या लाकडाचं पेन केलं. खरं सांगायचं तर ते बऱ्यापैकी जमलं होतं, म्हणून मीच घाबरले. भर दुपारचा मांडव, बाहेर झळा. गुरुजींनी पेन उंच धरून सगळ्यांना दाखवलं, आणि ध्वनिक्षेपकापाशीच ते टचकन तडकलं. उभी चीर गेली, आतली पितळी नळी चमकली. मांडवात हसू फुटलं. भाऊजी उठून म्हणाले, "लाकूड अजून जित्तं हाय, गुरुजी."

 परतीच्या गाडीत ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कूलरच्या ओल्या वाऱ्यात कातता अन् उन्हात नेता. लाकूड आकसन नाही तं काय करन? मी पडवीत बसून आकसलीच ना."

 

दुसऱ्या दिवशी त्यांनी खराद ओढत पडवीत आणला आणि ताईचं मशीन आत, कूलरसमोर, नेऊन ठेवलं. मी चकित होऊन पाहत होते. तेवढ्यात त्यांनी बोलून सगळ्यावर पाणी फिरवलं. "लाकडासाठी करून राहिलो, तुह्या बहिणीसाठी नाही." चांगलं काम केलं तरी त्याचं श्रेय लाकडाला देणारा हा माणूस. डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून ते झळांत कातत बसायचे. पेनं तेवढीच जाड व्हायची. तडकायची मात्र थांबली.

मेअखेरीस ताईच्या मशीनची लाकडी मूठ फुटली. भाऊजींनी पडवीत बसून नवी कातली. ती एका बाजूला फुगलेली झाली आणि पॉलिशचे ओघळ तसेच राहिले. बसवून झाल्यावर त्यांनी मला सुनावलं, "लिव तुह्या यादीत, एक काम झालं."

पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत ते गेले. चहा मागितला होता, तो यायच्या आत. खराद आम्ही विकून टाकला, पेनं नातेवाइकांनी नेली नाहीत.

ताईकडे आता पुन्हा ब्लाऊजांची रांग असते. परवा गेले तेव्हा बाजारातून छान गुळगुळीत मूठ घेऊन गेले होते. यादीत लिहिलंच होतं. ताईनं ती हातात घेतली, परत माझ्या पिशवीत टाकली आणि बाही जोडायला लागली.

"राहू दे वं. वाकडीच हाय, पण हाताले बसली आता."