चाकणच्या गाडीत चिनी मासा

माझ्या बायकोनं, हौसानं, आणि मी शेवटचं मिळून केलेलं काम म्हणजे पाणी गाळणं. मी पोहऱ्यानं विहिरीचं पाणी शेंदत होतो, ती ते फडक्यातून हंड्यात ओतत होती. फडक्यावर डासाच्या अळ्या वळवळल्या.

"इहिरीत मासं सोडा! दोन वर्सं वरडतीय मी."

"उद्या बघू," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात ती थंडीतापानं गेली. तेरावं उरकलं आणि मी मासे आणायला निघालो. तिचं एवढं तरी ऐकायचं होतं.

ओढा आटलेला, तिथं मासा नाही. शेजारचा दगडू म्हणाला, पिंपरी कॅम्पात चिनी दातवाला आहे, त्याच्या बरणीतले मासे अळ्या खातात. चाकणहून गाडीनं भोसरी गाठली, पुढं पायी. कॅम्पात सिंधी दुकानदाराकडे पाणी मागितलं, त्यानं सोबत पापडही दिला. त्यांची तशी रीतच.

दातवाल्यानं मला थेट खुर्चीत ढकललं.

"दात न्हाई, मासा पायजे!"

"ये हिलता है, बाबा. पहले दात, पीछे मच्छी."

दात गेला, तोंडात कापसाचा बोळा आला. मासे मात्र देखणे. बोटाएवढे, निळे-तांबडे पट्टे, वरातीतल्या बँडवाल्यासारखे. मी तांब्या पुढं केला तर तो ओरडला, "तांबे में मरेगा!" आणि मडक्यात दोन मासे घालून दिले. म्हणाला, आमच्या नदीतला मासा, पाणी कमी पडलं तर वर येऊन हवा पितो. विश्वास कसा ठेवायचा? 'दुखणार नाही' असंही तोच म्हणाला होता.

परतीच्या गाडीत शेजारी एक माळकरी म्हातारा.

"पाव्हणं, घोटभर पाणी द्या."

पाण्याला नाही म्हणू नये. बोळ्यामुळं सांगताही येईना. मी नुसते हात नाचवले, त्यानं मडकं तोंडाला लावलं.

"अगायायाया! मिशीत काय शिरलं?"

"मडक्यात मासळी हाय, राव!" मागून कोणीतरी ओरडलं.

"म्हातारबा, मासळीचं तिकीट काढा," कंडक्टर म्हणाला. गाडी हसली. म्हाताऱ्यानं चाकणपर्यंत चुळा भरायला पाणी मागितलं, कुणी दिलं नाही.

मडक्यात चार बोटं पाणी उरलं. मासे खरंच वर येऊन हवा पीत होते. अंधार पडता पडता ते विहिरीत सोडले. जगले की मेले, दिसेना.

हौसा गेल्यापासून दगडूकडे जेवत होतो, त्या सकाळी गेलो नाही. चूल पेटवली, जन्मातली पहिली भाकरी थापली. एका बाजूनं कोळसा, दुसऱ्या बाजूनं पीठ. विहिरीच्या पायऱ्या उतरून तुकडा पाण्यात टाकला. बऱ्याच वेळानं एक निळा-तांबडा वर आला. तुकडा गिळला, थुंकला, पुन्हा गिळला.

"अगं, हे बघ!" मी वर तोंड करून ओरडलो.

मग पायरीवर बसून उरलेली भाकरी खाल्ली.