लढाईत चूल शोधणारे मेजरमामा

मेजरमामा लढाईत शिरले की आधी चूल शोधायचे. हातात बंदूक असायची, पण ती नाइलाजाने, कारण गेममध्ये ती खाली ठेवता येत नाही. बाकीचे खेळाडू शत्रूच्या दिशेने धावत सुटले की मामा शांतपणे उलट्या बाजूला वळायचे. पडक्या भिंतींमागे, तंबूंच्या आत, ट्रकच्या आडोशाला डोकावत हिंडायचे, आणि थोड्याच वेळात कुणीतरी त्यांच्या पाठीत गोळी घालायचं. पडदा लाल व्हायचा. मामा चष्मा काढून पुसायचे आणि म्हणायचे, "इथंपण नाय. मग एवढी पलटण जेवते कटे?"

तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. माझ्या आईचे ते चुलतभाऊ, वसईतल्या पापडीत आमच्या घरापासून दोन वाड्या सोडून राहायचे. 'मेजर' हे नाव गावानेच दिलं होतं. जन्म बँकेत गेला, फौजेची पायरीसुद्धा कधी चढले नाहीत. पण खाकी हाफपँट घालून, पाठ ताठ ठेवून केळीच्या वाडीतून फिरायचे आणि पाटाचं पाणी वळवायला आलेल्या गड्यांना असे हुकूम सोडायचे की दुसरं नाव शोभलंच नसतं. घरात आम्ही आमची बोलीच बोलतो. इथे लिहिताना मी ती बरीच मवाळ केली आहे, पण मामांचं 'कुठे'ला 'कटे' आणि 'मला'ला 'मना' तेवढं तसंच ठेवलं आहे. ते काढलं तर मामा राहत नाहीत.

फौजेत होते ते मामांचे वडील. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीला गेले, लढायला नव्हे, रांधायला. फौजेत अशा आचाऱ्याला लांगरी म्हणतात. ते बोटीत बसले तेव्हा मामा आईच्या पोटात होते. वडील परत आले नाहीत. त्यांच्याबरोबर गेलेला शेजारच्या गास गावचा एक माणूस मात्र परतला, आणि त्याने घरी येऊन जे सांगितलं तेवढीच मामांची वडिलांबद्दलची सगळी मिळकत. एका पडक्या भिंतीच्या आडोशाला, ऑलिव्हच्या झाडांखाली भटारखाना होता. जमिनीत लांब चर खणून त्याच्यावर ओळीने हंडे चढवलेले होते. सकाळी चहाचं आधण ठेवलेलं असताना तोफेचा गोळा आला. "तुझा बाप बंदुकीला भ्यायचा," असंही तो माणूस मामांना पुढे एकदा म्हणाला होता. मामा हे वाक्य मोठ्या मायेने सांगायचे.

मामांची आई रोज रात्री सगळ्यांची जेवणं आटोपली की एक ताट वाढून झाकून ठेवायची. कुणी विचारलं तर "उशिरा येणाऱ्यासाठी" एवढंच म्हणायची. तशी ही पद्धत आमच्याकडे बऱ्याच घरांत होती, कारण कुणाची पाळी रात्री संपायची, कुणी बाजारातून उशिरा यायचं. तिच्या घरी मात्र उशिरा येणारं कुणीच नव्हतं. सकाळी ते ताट वाडीवर कामाला येणाऱ्या बाईला मिळायचं. आई गेल्यावर मामींनी ते चालू ठेवलं, आणि मामींना अर्धांगवायूने अंथरुणाला खिळवलं तेव्हा मामा स्वतः ताट वाढायला लागले. जेवण मात्र भयंकर करायचे. वालाच्या भाजीत इतकं पाणी असायचं की वाल शोधावे लागत. मी चिडवायचे, "मामा, आजोबांचा हात तुमच्यात काही उतरला नाही." ते म्हणायचे, "उतरायला तो घरी कटे होता?"

त्यांच्या आयुष्यात हे खेळ माझ्यामुळे आले. मी मुंबईतल्या एका स्टुडिओत काम करते. परदेशातल्या कंपन्या गेम बनवतात आणि त्यातली किरकोळ सामग्री आमच्याकडून घडवून घेतात. पिंप, खिडक्या, फुटलेल्या विटा, ट्रकची चाकं. गेली कित्येक वर्षं मी लढाईचे कोपरे भरते आहे. एकदा घरी बसून इटलीतल्या एका गावाच्या भिंतीला भोकं पाडत होते, तेवढ्यात मामा केळ्यांचा घड घेऊन आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.  मग विचारलं, "मना आत जाता येल?"

मी त्यांना आत नेलं. ते पहिल्याच दिवशी त्या गावात तासभर फिरले आणि एकदाही गोळी झाडली नाही. चिखलाकडे बघितलं, झाडांकडे बघितलं, मान वर करून आभाळाकडे बघितलं. बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते. "पुस्तकात लढाई वरून दिसते, बाय," ते म्हणाले. "नकाशावर बाण. इकडून गेले, तिकडून गेले. इथं चिखलातून दिसते. आजवर बाबांचा विचार आला का मागं आपलीच केळीची वाडी दिसायची मना. आता निदान आभाळ तरी तिकडचं दिसेल." माझ्या कामाला कुणी एवढं मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी कॉम्प्युटर घेतला. वसईच्या बाजारातल्या दुकानदाराने "नातवासाठी का?" असं विचारलं तेव्हा "माझ्यासाठी. लढाईवर जायचंय," असं सांगून आले. मामींच्या खाटेशेजारीच तो मांडला, म्हणजे एक डोळा लढाईवर आणि एक मामींवर ठेवता येई. मामींना बोलता येत नसे, पण मामा गोळी लागून पडले की त्या अर्ध्या तोंडाने हसायच्या. कधीकधी मला वाटायचं, मामा त्यासाठीही मुद्दाम पडतात.

शेजारच्या नव्या बिल्डिंगमधली पोरं त्यांच्याबरोबर ऑनलाइन खेळायची. मामा त्यांच्या बाजूने असले की ती बाजू हरणार हे ठरलेलं. "अंकल, सामने है, मारो ना," अशी ती कानात ओरडायची, आणि मामा विचारायचे, "तू जेवलास का रे?" आमच्या चर्चच्या फादरना हे कळलं तेव्हा त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर मामांना बाजूला घेतलं. या वयात हा गोळीबाराचा नाद कशाला, म्हणाले. मामांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "फादर, मी अजून एकालाही मारलेलं नाय. मीच रोज मरतो." 

भांडणं व्हायची ती माझ्याशी. मी या धंद्यातली, त्यामुळे बाजू घ्यायचे. म्हणायचे, मामा, या खेळांमुळे पोरांना निदान कळतं तरी की असं एक युद्ध झालं होतं. बंदुका बघा किती बारकाईने केल्यात, बटणंसुद्धा त्या काळची आहेत. ते ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "बटणं खरी हायत. पण ती तुटल्यावर शिवतो कोण? पाणी कोण भरतो? मेलेल्याला उचलतो कोण? पुढची बाजू तुमी झकास दाखवता. मागची कटे हाय?" एकदा एका गेममध्ये भारतीय सैनिक आहेत असं कळल्यावर मी तो धावतपळत त्यांना आणून दिला. मामांनी तो मन लावून बघितला, पगडीवाल्या जवानाला नमस्कारही केला. नंतर म्हणाले, "बरं वाटलं. पण ह्याच्यापण हातात बंदूकच हाय." आणखी एक गोष्ट त्यांना अजिबात पटत नसे. गेममध्ये मेलेला माणूस लगेच परत उभा राहतो. "म्हणून इथं कुणाची आई रडत नाय," ते म्हणायचे. 

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही सगळे सिमेट्रीत जातो, आपापल्या कबरी झाडून-धुऊन त्यांच्यावर झेंडूची फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो. मामा आईच्या कबरीवर मेणबत्ती लावायचे आणि खिशात एक शिल्लक ठेवायचे. ती घरी येऊन कॉम्प्युटरपुढे लावायचे. समोर ते इटलीतलं गाव उघडलेलं असायचं, आणि मामा त्यातल्या पडक्या चर्चच्या दारात न हलता उभे. पहिल्यांदा ते दृश्य पाहून मला हसू आलं होतं. दुसऱ्या वर्षी मीच मेणबत्ती घेऊन गेले.

खऱ्या इटलीला ते गेले नाहीत. चर्चमधून तिकडच्या यात्रा निघायच्या, ओळखीतले कितीतरी लोक रोम बघून आले, वडिलांची कबर कोणत्या सिमेट्रीत आहे हेही मी शोधून दिलं होतं. पण मामींना सोडून ते एक रात्रही बाहेर राहिले नाहीत. "ती वाट बघेल," म्हणायचे. मामी गेल्या तोवर मामांच्या डोळ्यांत काचबिंदू पार बळावला होता. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि आहे तीही जाणार. त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना रिक्षात ते म्हणाले, "एकदा बाबांची चूल बघायची होती, बाय. खोटी असती तरी चालली असती." आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेलं हे एवढंच.

योगायोग म्हणा, त्यानंतर काही महिन्यांनी एका नव्या गेमचं काम आलं. इटलीतलीच लढाई, आणि आघाडीच्या मागचा एक तळ. कंपनीने लिहिलं होतं की तळाच्या कोपऱ्यात काहीतरी अडगळ भरा, रिकामं वाटायला नको. मी मामांच्या शेजारी बसून तो कोपरा भरला. भिंत किती पडलेली, चर किती लांब, वाऱ्याच्या बाजूला पत्रा कसा लावायचा, हे ते गासच्या माणसाच्या शब्दांत सांगत गेले आणि मी करत गेले. हंडे, पिठाची पोती, परातीत मळलेली कणीक. वर ऑलिव्हची फांदी. आणि शेवटी, कुणी न सांगता, चुलीच्या कडेला मी एक झाकलेलं ताट ठेवलं. कंपनीकडून विचारणा आली, हे काय? मी कळवलं, उशिरा येणाऱ्यासाठी. त्यांनी ते राहू दिलं.

पण काम पुरं होईपर्यंत मामांची नजर संपली होती. पडद्यावर त्यांना फक्त उजेड कळायचा. मग मी त्यांचा हात धरून बसले आणि सगळं सांगत गेले. मामा, आता आपण मागे वळलो. ही भिंत. हा चर, आत जाळ आहे. हंड्यांतून वाफ येतेय. मामा नाकाने श्वास घेत ऐकत होते, जणू वास यायचाच बाकी होता. मी म्हटलं, आणि इथे कडेला एक ताट झाकून ठेवलंय. त्यांचा हात माझ्या हातात घट्ट झाला.

"झाकण उघड," ते म्हणाले.

"ते उघडत नाही, मामा. आम्ही दिसेल तेवढंच करतो. झाकणाखाली काही नसतं."

 ते रागाने नव्हे, समजावल्यासारखं बोलले, "रिकामं ताट झाकून ठेवलंस? आई असं करत नव्हती."

"पण ते कुणाला दिसणार नाही."

"तिचंपण कुणाला दिसलं नव्हतं."

मी ते ताट भरलं. काय वाढू विचारलं तर म्हणाले, तांदळाची भाकर आणि सुक्या बोंबलाचं कालवण. भाकरीच्या कडा मी जरा चिरलेल्या ठेवल्या, मामींच्या असायच्या तशा. आमच्या कामात हे बसत नाही. जे दिसत नाही ते मशीनला ओझं म्हणून काढून टाकतात, आणि तपासणारे त्यासाठीच बसलेले असतात. तरी मी ते पाठवलं. मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "भाकर गरम हाय?" मी म्हटलं, गरम आहे.

गेम बाजारात यायच्या आधीच मामा गेले. पापडीच्या सिमेट्रीत मामींच्या शेजारी, आईच्या पायाशी त्यांना ठेवलं. बिल्डिंगमधली पोरं आली होती. त्यातल्या एकाने, आता त्याला चांगली दाढी आली आहे, मला हळूच विचारलं, "अंकल रोज विचारायचे जेवलास का म्हणून. का ते?" मी त्याला घरी आणलं आणि सगळं सांगितलं.

आता मृतांच्या दिवशी सिमेट्रीतून परतल्यावर, बोटांना मेण तसंच असताना, मी तो गेम लावते. मामांची मला फार आठवण येते, आणि तिथे ती जरा सोसवते. सगळे पुढे धावतात, मी मागे वळते. भिंत आहे, जाळ आहे, ताटही आहे. झाकणाखाली भाकर अजून आहे की तपासणाऱ्या कुणा दक्ष माणसाने ती काढून टाकली, हे मला कळायला मार्ग नाही. कंपनीला विचारता आलं असतं, पण विचारलं नाही. मी तिथे उभी राहते, आणि थोड्याच वेळात कुणीतरी माझ्या पाठीत गोळी घालतं. पडदा लाल होतो. मग मी परत उभी राहते आणि पुन्हा चुलीच्या बाजूने चालू लागते.