शेवटच्या नळाचं पाणी

तिसरा नळ मागं पडला, ऊन चढलं, तरी कडुबामामांची चाल काही मंदावेना. खुलताबादच्या डोंगराखालच्या या गावात पाणी सोडायचं काम त्यांच्याकडं. बावीस वर्षं बजाजनगरात राहून कारखान्याचं पाणी साफ केलं, आता गावचं करतात. रोज टाकीपासून शेवटच्या वस्तीपर्यंत तीन किलोमीटर पायी, नळ तपासत.

आज सोबत महिला बचत गटाच्या सुरेखाताई होत्या. त्यांच्या पिशवीत चाळीस बायांचा अर्ज होता : पाण्यात क्लोरीनचं औषध टाकणं बंद करा, वास येतो, देवाला चालत नाही. उद्याच्या ग्रामसभेत तो मंजूर होणार, हे मामांनाही ठाऊक होतं. पण न बघता बोलायचं नाही, हा ताईंचा नेम.

"मामा, नवी गाळणी जंतू अडवते ना? मग औषध कशाला?"

"शेवयांसारख्या पोकळ नळ्या हायेत तिच्यात. जंतू अडतात, व्हय. पण ती बसलीय टाकीपाशी. पुढं पाण्यासंगं कोण चालतं? औषधच. अन् गाळ आधीच निघतो, म्हणून आता निम्म्या औषधातच भागतं. वास देवाला येतो का तुम्हाला, ते सांगा आधी!"

ताईंना हसू आवरेना.

दर नळाला मामा कुपीत पाणी घेत, तपासणीच्या रसायनाचे दोन थेंब टाकत. पाणी पिवळं होई. शेवटच्या नळाला मात्र ते होतं तसंच राहिलं.

"हे बघा, कसं निर्मळ!" ताई म्हणाल्या.

मामांचा चेहरा उतरला. "पिवळं झालं म्हंजे औषध शिल्लक. इथं उरलंच नाय. वाटंत कशानं तरी खाल्लं."

वस्तीला पाणी भरू नका म्हणून सांगितलं, व्हॉल्व्ह बंद केला आणि दोघं मागं फिरले. शाळेमागं पाइपाचा सांधा नालीत बुडालेला सापडला. टाकीतून पाणी सोडणं बंद झालं की रिकाम्या पाइपात नालीतलं पाणी शिरायचं.

ताई खाली वाकून बघतच राहिल्या. "औषध नसतं, तर हे कसं कळलं असतं?"

"लेकरं आजारी पडल्यावर."

मामांनी हात पुसले. "अर्ज खुशाल वाचा, ताई, पण आज काय बघितलं तेबी सांगा. माझं बाया ऐकायच्या नायत, तुमचं ऐकतील. सांधा आज बसवतो. उद्या सभेआधी देवीला आंघोळ घालाल, तेव्हा तांब्या नळाखालीच भरा, ह्या औषधाच्या पाण्यानं. सगळ्यांदेखत."