पट्टा बांधल्यावरच गप्प बसणारा सुकलाल

फोन आला तेव्हा मी जळगावच्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला रक्तवाहिन्या कशा सैलावतात ते हातवारे करून समजावत होतो. धुळ्याहून सुकलालच्या बायको, शोभावहिनी बोलत होत्या. "भाऊ, हे अंगणात पडले. तोंड वाकडं झालंय. लवकर या." गिऱ्हाइकाने विचारलं, मग हा डबा नेऊ ना? मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुतेक, न्या म्हणालो असेन...

सुकलाल जाऊन आता काही आठवडे झाले. धुळे-अमळनेर एसटीने ज्यांनी ये-जा केली, त्यांना तो आठवेल. तिकीट देता देता गाडीभर बोलणारा कंडक्टर. "ओ अक्का, पोरगं हाफ तिकिटाचं म्हणता, अन् मिशी तर माझ्यापेक्षा दाट शे त्याची!" अक्कासुद्धा हसत पूर्ण तिकीट घ्यायची. आम्ही अमळनेरला कॉलेजात एका बाकावर होतो. तो एसटीत लागला, मी औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराबाहेर ताटकळत राहिलो आणि शेवटी पूरक आहाराच्या डब्यांचं दुकान टाकलं. सुकलाल मला 'डॉक्टर' म्हणायचा. थट्टेनेच... पण मला ते गोड लागायचं.

आयुष्यभर उभं राहून त्याच्या पोटऱ्या भरून यायच्या. ब्लडप्रेशरची गोळी रोजची होती. माझ्या दुकानात आर्जिनिनची पावडर होती. हे एक अमिनो आम्ल. शरीरात त्यापासून एक वायू तयार होतो आणि त्याने रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात. दाबही थोडा उतरू शकतो. हे खोटं नाही. पण 'थोडा' हा शब्द मी दुकानात कधी मोठ्याने उच्चारला नाही, आणि गोळीची जागा ही पावडर घेऊ शकत नाही, हे तर कधीच नाही.

हिवाळ्यात शिंदखेड्याजवळ एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजत होती. मी दाब मोजायचं मशीन सोबत नेलं होतं. सुकलाल ढेकळं तुडवत, धापा टाकत, लांबूनच सगळ्यांना शिव्या घालत आला, आणि तो टेकतो न टेकतो तोच मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा पाहून सगळे चपापले. मी त्याला पाण्यात पावडर ढवळून दिली, निंबाच्या बुंध्याला पाठ टेकवून बसवलं आणि बजावलं, "आता एक शब्द नाही. बोललं की आकडा चढतो." वांगी भाजून होईपर्यंत तो बसला. पुन्हा मोजलं. आकडा चांगलाच उतरला होता. टाळ्या पडल्या. "आम्हना डॉक्टर!" सुकलाल ओरडला.

धापा टाकणारा कुठलाही माणूस सावलीत गप्प बसला की त्याचा आकडा उतरतो. पावडर न घेताही उतरतो. मला हे माहीत होतं. म्हणूनच पहिला आकडा मी तो धापा टाकत असताना घेतला होता.

मग त्याने तसलंच मशीन घेतलं. मी धुळ्याला गेलो की पट्टा बांधून डोळे मिटून बसायचा. वहिनी म्हणायच्या, "भाऊ, हे मशीन दिवसभर बांधून ठेवा, घरात शांतता राहील." मोजून झाल्याची शिटी मशीनने वाजवली की तो एक डोळा उघडायचा, "आते बोलू का, डॉक्टर?" आकडा जास्त आला तर आम्ही पुन्हा मोजायचो. कमी येईल तोच खरा धरायचो. एकदा ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल म्हणाला, "गोया बंद करी टाक्यात भो. तुनी पावडर शे ना." मी विचारलं, "डॉक्टरांना विचारलंस का?" तो माझ्याकडे बोट दाखवून हसला, "आते विचारी राहिनू ना!" आणि मी... मीही हसलो.

दवाखान्यात त्याच्या दंडाला पट्टा होता. तो थोड्या थोड्या वेळाने आपोआप फुगायचा. सुकलालचे डोळे माझ्यावर. वहिनी म्हणत होत्या, "बोला ना हो, भाऊ आलेत." वाचा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी मला वाटत राहिलं की हा परवानगीची वाट बघतोय. मी कानाशी वाकून म्हणालो, "बोल आता." पट्टा पुन्हा फुगला... डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "कल्पना नाही."

तेराव्यानंतर वहिनी त्याच्या पावडरचा उरलेला अर्धा डबा घेऊन आल्या. "भाऊ, माझेही पाय दुखतात. मी घेऊ का?" पावडर खराब झाली असेल, असं सांगून मी तो काढून घेतला. तेव्हाही खरं बोललो नाही. वहिनी, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्याकडे येते, म्हणून इथे लिहितो. गोळ्या बंद झाल्याचं मला माहीत होतं. एका शब्दाने त्या चालू झाल्या असत्या. हे लिहून काही हलकं होत नाही, होणारही नाही.

त्या दिवशी वहिनींनी मशीनही माझ्याच हाती दिलं. दुपारी दुकान रिकामं असलं की मी ते बांधतो. पट्ट्याला त्याच्या जाड दंडाची गोलाई बसली आहे. माझ्या हातावर तो सैल पडतो, आवळून घ्यावा लागतो. फुगतो, उतरतो, शिटी वाजते. कुणी काही विचारत नाही. मी पट्टा सोडवतो आणि पुन्हा त्याच्या दंडाएवढाच गुंडाळून ठेवतो.