हळू चालणारी सायकल

आमच्या घरमालकीणबाईंच्या धाकट्या भावाइतका अस्वस्थ माणूस त्या काळच्या बंगळुरात दुसरा नव्हता, आणि त्याच्याइतकी हळू सायकलही त्या शहरात दुसरं कुणी चालवत नव्हतं. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल आहेत, हे मलाही सुरुवातीचे काही महिने पटलं नव्हतं. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे, म्हणून त्यांच्या भावाला अण्णा. घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. त्यांच्या मराठीत कानडी शब्द असे मुरले होते की ते परके आहेत हे त्यांना सांगूनही खरं वाटलं नसतं. अण्णा आता नाहीत, म्हणून हे सगळं सावकाश लिहिता येतं. असते तर वाचून होईपर्यंत थांबले नसते.

अण्णा जेवायला बसत नसत. जेवण त्यांच्या वाटेत येत असे. सारभात ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात खात, भाजीसाठी एकदा आत डोकावून जात, आणि ताकभाताच्या वेळी ताट हातात घेऊन अंगणातल्या नळापाशी कुणाशी तरी बोलत असत, तेही या पायावरून त्या पायावर होत. न्हाव्याकडे अर्धी दाढी झाली की त्यांना समोरच्या दुकानातलं काहीतरी काम आठवे. एकदा ते असे उठले ते थेट शहराबाहेरच्या येलहंक्याला गेले आणि उरलेली अर्धी दाढी तिथल्या न्हाव्याकडून करून आले. सिनेमा ते मध्यंतरापर्यंत एका थिएटरात पाहत आणि मध्यंतरानंतरचा दुसऱ्या थिएटरात, दुसराच. त्यामुळे त्यांना ठाऊक असलेल्या गोष्टींत नायकाचं लग्न नेहमी भलत्याच बाईशी होई. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही याचं कारण अक्का सांगत. मुलगी पाहायला गेले असताना उप्पीट येईपर्यंत यांना दम निघाला नाही. ज्या टांग्यातून आले होते त्याचं चाक कुरकुरत होतं म्हणून ते बघायला बाहेर गेले, आणि टांग्यासकट गेले. "मुलगी चांगली होती," अक्का म्हणत, "पण ह्याला चाक जास्त आवडलं."

व्यवसाय उदबत्त्यांचा. घरी अक्का आणि शेजारच्या बायका उदबत्त्या वळत आणि अण्णा सायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या लावून त्या शहराच्या चारी टोकांच्या दुकानांत पोचवत. असल्या धंद्यातला माणूस वाऱ्यासारखा जाईल असं कुणालाही वाटेल. पण सायकलवर बसले की अण्णांच्या अंगातलं सगळं वारं उतरे. पाठ ताठ, हात सैल, आणि चाक फिरतंय की नाही अशी शंका यावी असा वेग. गल्लीच्या गणेशोत्सवात हळू सायकल चालवण्याची शर्यत असे; पाय न टेकवता जो शेवटी पोचेल तो जिंकला. अण्णा ती इतकी वर्षं जिंकले की बाकीच्यांनी नावं देणं सोडलं, आणि अखेर मंडळाने त्यांना परीक्षक केलं. त्यात ते अर्थातच नापास झाले, कारण एवढा वेळ एका जागी उभं राहून दुसऱ्याची शर्यत पाहणं त्यांच्याच्याने झालं नाही. एकदा मी त्यांना विचारलं की तुम्ही एरवी इतक्या घाईचे, मग सायकल अशी का चालवता. ते म्हणाले, "पळायला सायकल कशाला पाहिजे, बीएस्सी? ते आम्हाला येतंच की."

बीएस्सी म्हणजे मी. मी निपाणीकडचा. वडील तंबाखूच्या वखारीत पोती शिवत. राज्यांची फेररचना होऊन आमचा तालुका म्हैसूर राज्यात आला, आणि घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मी बंगळूरला एका मोठ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस झालो. धातूच्या कांबी यंत्रात ताणून त्या कुठे तुटतात याची नोंद करायची, हे माझं काम. सहा महिने उमेदवारी होती. कारखाना के. आर. पुरमच्या रस्त्याला, माझ्या खोलीपासून सात मैल लांब. सकाळी साडेसातला भोंगा होई, मोठं फाटक बंद होई, आणि नंतर येणाऱ्याचं नाव छोट्या दारावर लिहून घेतलं जाई. बस कधी भरून येई, कधी येतच नसे. पाचव्या महिन्यात माझं नाव दोनदा लिहिलं गेलं. आमचे साहेब भले होते. त्यांनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की तिसऱ्यांदा नाव आलं तर कायम करण्याच्या कागदावर मला सही करता येणार नाही. त्या संध्याकाळी मी चालत घरी आलो आणि अक्कांना म्हणालो की मला सायकल घ्यावी लागेल, स्वस्तातली. मला ती चालवता येत नाही, हेही सांगितलं. तेविसाव्या वर्षी हे सांगायला फार जड गेलं. आमच्या गावात शाळा घराजवळ होती आणि सायकल फक्त डॉक्टरांकडे होती.

अण्णा त्या वेळी अंगणातून स्वयंपाकघराकडे आणि तिथून परत अंगणाकडे असे चालले होते. ते मध्येच वळले. गल्लीतल्या प्रत्येकाची पहिली सायकल त्यांनी पारखलेली होती. त्यांचं म्हणणं असं की अनुभवी माणसाला कुठलीही सायकल चालते, नवशिक्याला मात्र चुकून चांगली सायकल मिळावी लागते, आणि ती चूक ते घडवून आणत. दूधवाल्यांची ती दुहेरी दांडीची काळी सायकल त्यांना मंजूर नव्हती. ती पडली तर नवशिक्याला स्वतःलाच उचलता येत नाही. जुनी, वापरलेली नको, कारण तिला आधीच्या मालकाच्या खोडी लागलेल्या असतात. नवी, हलकी, बिनझगमगाटाची आणि दुकानातली सगळ्यांत स्वस्त हवी. "डायनमो, दिवा, घंटी नंतर बघू," ते म्हणाले. "तू आधी कुणाच्या अंगावर जाण्याइतका तरी चालवशील काय?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुकानं पालथी घालू लागलो. अण्णांची तपासणी पाहण्यासारखी असे. सायकल उलटी करून ते चाकाच्या एकेक तारेवर नखाने टिचकी मारत आणि कान लावून ऐकत. एखादी तार बसक्या आवाजाची निघाली की दुकानदाराकडे अशा नजरेने बघत की जणू त्याने घरातलं आजारपण लपवलंय. मग सायकल हाताने धरून तिला गल्लीत फिरवून आणत, कारण नवशिक्या पहिला महिना सायकलवर बसत नाही, तिला फिरायला नेतो. मग तिला मुद्दाम पाडत. दुकानदार हे बघून पांढरा पडे. आणि शेवटी मुख्य परीक्षा: विजेच्या एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जितकं हळू जाता येईल तितकं हळू जायचं. एकदा ते निघाले तेव्हा समोरच्या हॉटेलात एका गिऱ्हाइकाने डोसा मागवला होता. पोचले तेव्हा तो हात धूत होता. जोरात कुठलीही सायकल सरळ जाते, ते सांगत. हळू जाताना तिचा स्वभाव कळतो. एक सायकल त्यांनी नाकारली कारण ती डावीकडे बघत होती. एक नाकारली कारण तिला घाई होती. तिसरीबद्दल काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवून दुकानदाराच्या खांद्यावर थोपटलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. मी रोज पहाटे पाचला उठून बसच्या रांगेत उभा राहत होतो. प्रयोगशाळेत कांब ताणताना आता मला तिच्याबद्दल वेगळीच जवळीक वाटू लागली होती. शुक्रवारी आम्हाला पाहून एका दुकानदाराने अर्धं दार ओढून घेतलं. मी रडकुंडीला येऊन अण्णांना म्हणालो, माझी नोकरी जाईल, कुठलीही घ्या. अण्णा पुढे चालतच म्हणाले, "स्वल्प थांब, बीएस्सी." ते स्वतः थांबले नाहीत.

शनिवारी ती मिळाली. हिरव्या, पण उगाच हिरव्या म्हणायच्या अशा रंगाची, दुकानाच्या मागच्या भिंतीला तोंड करून ठेवलेली. किंमत इतकी कमी होती की दुकानदारालाच ती दाखवायला संकोच वाटत होता. अण्णा तिच्यावरून खांबापासून निघाले, आणि मध्यावर अगदी थांबल्यासारखे झाले. चाकं हलत नव्हती, पाय टेकला नव्हता, चेहरा झोपलेल्या मुलासारखा. मग पुढचं चाक केसभर वळलं आणि ते निघाले. येऊन कानडीत होकार देत म्हणाले, "सरी. हिला थांबता येतंय."

रविवारी उजाडल्यापासून मैदानावर शिकवणी. पडायचं तू स्वतः शीक, पळायचं रस्ता शिकवेल, मी फक्त हळू जायला शिकवतो, असा त्यांचा करार होता. एका दगडावर पाय देऊन मी सीटवर बसायचो, अण्णा सीट मागून धरायचे, आणि आम्ही मुंगीच्या पावलांनी निघायचो. जरा वेग आला की ओरडा बसे. "पळतोस काय? कुणी मागं लागलंय तुझ्या?" दुपारपर्यंत माझे दोन्ही गुडघे सोलले गेले, आणि दिवस कलताना मला उमगलं की सीट बराच वेळ कुणी धरलेलीच नव्हती. फक्त एक गोष्ट राहिली. दगडाशिवाय, धावती सायकल धरून टांग मारून बसणं मला काही केल्या जमेना. अंधार झाला. ते उद्या बघू, म्हणून आम्ही घरी आलो.

सोमवारी दारातल्या पायरीवरून मी सायकलवर बसलो आणि अण्णा आपल्या सायकलवर बरोबर निघाले. सगळं ठीक चाललं होतं, तोच रेल्वेचं फाटक पडलेलं दिसलं. समोर बैलगाड्या, दोन बस, पायी चालणारे, आणि शंभरेक सायकलवाले, सगळे उतरून उभे. मी उतरलो असतो तर परत बसायला दगड कुठून आणणार होतो? अण्णा मागून एवढंच म्हणाले, "उतरू नको." मी उतरलो नाही. गर्दीच्या मागे, रस्त्याच्या कडेने, मी जितकं हळू जाता येईल तितकं हळू गेलो, मागे वळलो, परत आलो, एका बैलाच्या शेपटीभोवती घिरट्या घातल्या. गाडीवान माझ्याकडे पाहून हसत होता. ती गिरकी घेत असताना फाटक वर गेलं आणि सगळी गर्दी एकदम हलली. लोकांना पुन्हा सायकलींवर चढायला जो वेळ लागला तेवढ्यात मी त्यांच्यामधून, गाड्यांच्या चाकांमधून, कुणालाही न लागता, पाय न टेकवता पार झालो होतो. भोंगा वाजायला दोन मिनिटं असताना मी कारखान्याच्या फाटकात शिरलो. अण्णांचे आभार मानायचे राहून गेले.

दुपारी डबा खाताना माझ्या ध्यानात आलं की कारखान्याबाहेर सपाट रस्ता आहे. ना दगड, ना कट्टा, ना मैलाचा खांब. सात मैल सायकल ढकलत न्यायची तयारी करून मी साडेचारला बाहेर आलो, तर रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली अण्णा. सकाळपासून ते तिथेच होते. पहारेकऱ्याने मला सगळं सांगितलं. त्यांनी चिंचेखालची जागा झाडून काढली, तीन लोकांच्या चेन बसवल्या, पहारेकऱ्याच्या छत्रीची काडी नीट केली, झाडाला किती फेऱ्या मारल्या याची गणती नाही. पण फाटक दिसणार नाही इतकं लांब ते एकदाही गेले नव्हते. मला पाहून त्यांनी हात धोतराला पुसले. सीट धरली. "बस," म्हणाले.

मंगळवारीही तसंच झालं. बुधवारी दुपारच्या सुट्टीत सायकली लावायच्या छपरामागे मी एकटाच प्रयत्न करत होतो, आणि चौथ्या वेळी मला टांग मारता आली. चारपाच वेळा करून पाहिली, येत होती. संध्याकाळी हे सांगायचं ठरवूनच बाहेर आलो. चिंचेखालून अण्णा लगबगीने निघाले होते. माझ्या शाळेच्या फाटकाशी मला न्यायला कधी कुणी आलं नव्हतं. शाळा सुटायची वेळ आणि वखार सुटायची वेळ वेगळी होती, आणि त्याबद्दल मला कधी काही वाटलंही नव्हतं. अण्णांनी सीट धरली आणि मी काही न बोलता बसलो. गुरुवारी बसलो. शुक्रवारी बसलो. एका जागी जेवणही न जेवणाऱ्या माणसाला मी त्या चिंचेखाली शनिवार धरून आणखी तीन दिवस दिवसभर उभं केलं. त्या आठवड्यात येलहंक्याच्या एकाही दुकानात उदबत्ती पोचली नाही.

शनिवारी संध्याकाळी सायकल घेऊन चिंचेखाली त्यांच्यासमोर गेलो आणि सांगितलं की अण्णा, मला येतं आता. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, "बुधवारीच तुझं अंग हलकं झालं होतं. हाताला कळतं की."

"मग आलात कशाला?" मी विचारलं.

ते सायकलला लावलेल्या पिशव्यांचे बंद आवळत होते. "तू बाहेर येताना झाडाकडे बघत होतास," म्हणाले.

पुढच्या महिन्यात साहेबांनी माझ्या कागदावर सही केली, आणि त्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली. पण मला आठवतो तो शनिवार. अण्णांनी टांग मारली आणि दोन्ही बाजूंच्या भरलेल्या पिशव्यांसकट ते सुसाट निघाले. आठवड्याची दुकानं राहिली होती. त्यांना सायकल जोरात चालवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बघता बघता ते वळणाआड गेले. मग मी टांग मारून बसलो आणि ज्या वाटेने ते गेले होते त्या वाटेने, मला येत होतं तितकं हळू, एकटा निघालो.